स्वतःचं घर भाड्याने द्यायचं आणि स्वतः भाड्याने राहायचं, तर आधी तारखा जुळवा

पुण्यात धायरीला आमचा टू बीएचके आहे, कर्ज काढून घेतलेला, हप्ता अजून चालू आहे. मी आणि नवरा दोघंही हिंजवडीत नोकरीला. रोज सकाळी नवले पुलावरून बायपासला लागायचं, वारजे, चांदणी चौक, बाणेर करत ऑफिस गाठायचं आणि संध्याकाळी तेच उलटं, जाऊन येऊन तीन तास कुठे गेले नाहीत. मुलगी पाचवीत गेली तेव्हा ठरवलं की घर विकायचं नाही, पण राहायचं हिंजवडीजवळ वाकडला, भाड्याने, आणि धायरीचं घर भाड्याने द्यायचं. आजूबाजूला बघितलं तर असं करणारे कितीतरी निघाले, कोणाचं घर डोंबिवलीत आणि राहतात अंधेरीला, कोणाचं नाशिकला आणि राहतात पुण्यात. पण सगळ्यांनी सांगितलं ते एवढंच की "दे की भाड्याने, त्यात काय". त्यात बरंच काही आहे. आम्ही पहिल्या वर्षी पैसेही घालवले आणि मनस्तापही झाला, म्हणून जे शिकलो ते सगळं सविस्तर लिहितेय.

आधी हिशोब. धायरीचं भाडं येणार १८ हजार, वाकडचं जाणार ३० हजार, म्हणजे महिन्याला १२ हजार जास्तीचे, असं आम्ही कागदावर मांडलं आणि खूश झालो. तो हिशोब चुकीचा होता. वर्षात एक महिना घर रिकामं राहणार असं धरूनच चाला, म्हणजे १८ हजार तिथेच गेले, महिन्याला दीड हजार. दलाल बहुतेक एक महिन्याचं भाडं मागतो आणि इथे तर दोन्हीकडे दलाली, भाडेकरू आणला त्याची वेगळी आणि आपल्याला घर मिळवून दिलं त्याची वेगळी. मग नळ, गिझर, एखादी ट्यूब, दोन वर्षांनी रंग. आणि पुणे महापालिकेच्या हद्दीत घर असेल तर अजून एक गोष्ट, स्वतः राहत असाल तर मिळकत करात ४० टक्के सवलत मिळते, घर भाड्याने दिलं की ती जाते. सगळं धरून आमचा खरा फरक १६ हजारांच्या पुढे निघाला. तरी आम्ही केलं कारण रोजचे तीन तास आणि पेट्रोल वाचत होतं, पण १२ समजून केलं असतं तर दर महिन्याला कुठे गळती आहे ते कळलं नसतं. एक परीक्षा स्वतःची घ्या: घर सलग दोन महिने रिकामं राहिलं तर हप्ता आणि इकडचं भाडं दोन्ही भरू शकाल का? उत्तर नाही असेल तर आधी तेवढे पैसे बाजूला साठवा, मग घर शोधायला निघा.

आता मुख्य गोष्ट, तारखा. तुम्ही एकाच वेळी मालकही आहात आणि भाडेकरूही आहात, दोन करार आहेत आणि तुम्ही मधे उभे आहात. एका टोकाला काही हललं की दुसऱ्या टोकाला धक्का बसतो तो तुम्हालाच.

आमचं काय झालं ते सांगते. धायरीला भाडेकरू पटकन मिळाला, नवीन लग्न झालेलं जोडपं, त्यांना १ जूनला यायचंच होतं, आम्ही हो म्हणालो. वाकडच्या मालकाने पण १ जूनच सांगितली होती. ३० मे ला फोन आला की आधीचे भाडेकरू अजून निघाले नाहीत, चार दिवस थांबा. चाराचे नऊ झाले. सामान पॅकर्सवाल्याच्या गोडाऊनमध्ये, आम्ही तिघं दिराकडे, मुलीची शाळेची वह्यापुस्तकं नेमकी कुठल्या खोक्यात ते कोणालाच माहीत नाही. दीर-जाऊ काही बोलले नाहीत पण नऊ दिवस म्हणजे नऊ दिवस. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे, आपण जिथे जाणार त्या घराची किल्ली हातात पडल्याशिवाय आपल्या घराची तारीख कोणाला द्यायची नाही. मधे किमान दहा-पंधरा दिवस ठेवा. पंधरा दिवसांचं भाडं बुडतं हे खरं, पण त्या दिवसांत सामान शांतपणे हलतं, घर रिकामं असताना रंग होतो, बाथरूमच्या फरशीच्या फटी भरून घेता येतात, आणि हे काम भाडेकरू आल्यावर कधीच होत नाही.

करार संपायच्या तारखा पण अशाच बघा, इथे लोक अजिबात लक्ष देत नाहीत. तुम्हाला परत स्वतःच्या घरी जायचं असेल तर तुमच्या भाडेकरूचा करार तुमच्या करारापेक्षा साधारण महिनाभर आधी संपला पाहिजे. उलटं असेल तर तुम्हाला वाकडचं घर सोडावं लागेल आणि धायरीत अजून लोक राहत असतील. लॉक-इनचंही तेच, म्हणजे करारातला तो काळ ज्यात घर सोडता येत नाही. वाकडच्या मालकाने सहा महिन्यांचं लॉक-इन घातलं असेल आणि तुम्ही तुमच्या भाडेकरूला काहीच घातलं नसेल तर तो तिसऱ्या महिन्यात निघून जाईल आणि तुम्ही मात्र अडकून पडाल. दोन्ही मसुदे समोरासमोर ठेवून वाचा, पेनाने खुणा करा. नोटिशीचं कलम मी असं घेतलं: मालकाने घर मागितलं तर दोन महिन्यांची नोटीस, भाडेकरू जाणार असेल तर एक महिन्याची. वाकडला मी हे भांडून मागून घेतलं आणि धायरीच्या भाडेकरूला न मागता दिलं, कारण शाळेत जाणारं मूल घेऊन एका महिन्यात घर शोधणं काय असतं ते मला माहीत आहे. ज्या अटीवर मी स्वतः सही केली नसती ती अट मी दुसऱ्याला घालत नाही, आणि खरं सांगते, असं केल्याने भाडेकरूशी बोलणं पण सोपं होतं.

डिपॉझिटची साखळी हा दुसरा सापळा. भाडेकरूकडून ५० हजार आले, वाकडला ९० हजार द्यायचे होते, आम्ही ते ५० त्यातच घातले, सगळे असंच करतात. आठव्या महिन्यात भाडेकरूची नाशिकला बदली झाली. त्याने रीतसर नोटीस दिली, घर चकाचक करून दिलं, किल्ली ठेवली, आता त्याचे पैसे त्याच दिवशी द्यायला हवेत ना, त्याला पण नाशिकला कुठेतरी डिपॉझिट भरायचं होतं. आणि आमचे पैसे वाकडच्या मालकाकडे अडकलेले. मंगळसूत्र गहाण ठेवायची वेळ आली नाही पण नवऱ्याने ऑफिसातून अॅडव्हान्स उचलला. त्यामुळे भाडेकरूचं डिपॉझिट आपलं नाही असंच समजा, वेगळी एफडी करा, मोडायला सोपी अशी, आणि वाकडचं डिपॉझिट स्वतःच्या पैशातून भरा. तेवढे पैसे जमेपर्यंत सहा महिने थांबावं लागलं तरी थांबा. आणि तो "हेवी डिपॉझिट" प्रकार, म्हणजे भाडं नाही पण एकदम मोठी रक्कम घ्यायची, त्यात जाऊच नका, ती रक्कम एकरकमी परत द्यायची वेळ येते तेव्हा ती घरात नसते.

भाडेकरू शोधताना ओळखीतून शोधा, सोसायटीच्या ग्रुपवर टाका, मग साइटवर जाहिरात द्या. जाहिरात दिल्यावर दोन दिवसांत एक फोन येतो, माणूस अगदी अदबीने बोलतो, मी आर्मीत आहे, पुण्याला पोस्टिंग झालंय, घर न बघताच घेतो, फोटो आवडले, डिपॉझिट आत्ताच पाठवतो. ओळखपत्राचा फोटो पण येतो. मग म्हणतो आमच्याकडे पैसे पाठवायची पद्धत वेगळी आहे, तुम्ही हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील. फसवणूक आहे ही, आणि खूप जण फसलेत. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, घरातल्या सगळ्यांना हे एकदा बसवून सांगा, विशेषतः जाहिरातीत सासूबाईंचा नंबर दिला असेल तर. प्रत्यक्ष घर बघायला न येणाऱ्याला घर द्यायचंच नाही, विषय संपला.

भेटायला आल्यावर मी फार चौकशा करत नाही. नोकरी कुठे, किती जण राहणार, आधीचं घर का सोडताय, आणि आधीच्या मालकाचा नंबर. त्या मालकाला मात्र फोन करतेच. जात, धर्म, काय खाता हे मी विचारत नाही, आम्हाला वाकडला घर बघताना हे प्रश्न विचारले गेले तेव्हा मुलगी शेजारी उभी होती आणि मला फार वाईट वाटलं होतं.

आता करार. अजूनही लोक म्हणतात की ११ महिन्यांचा करार नोटरी केला की झालं, नोंदणी कशाला. महाराष्ट्रात तसं चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे आपण सगळे ज्याला भाडेकरार म्हणतो तो, लेखी आणि नोंदवलेला असायलाच लागतो, ११ महिने असो नाहीतर ३, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर ५ हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे, करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं. आणि नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर भाडेकरू हलत नसेल तेव्हा कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि जास्तीच्या दिवसांसाठी दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई लागते. तुम्ही स्वतः दुसरीकडे भाडं भरत असताना हे कलम किती मोलाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

खर्च पण फार नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का, एकूण भाडं अधिक परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून जी रक्कम येते तिच्यावर. आमचं उदाहरण घ्या, १८ हजार गुणिले ११ म्हणजे १ लाख ९८ हजार, ५० हजारांवर व्याज धरलं ५ हजार, झाले २ लाख ३ हजार, त्याचा पाव टक्का साधारण ५०८ रुपये. नोंदणी फी शहरी भागात १ हजार, ग्रामीण भागात ५००. वर एजंटचे पैसे वेगळे, तो माणूस अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन घरी येतो, आधार नंबर, अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, अर्ध्या तासात काम होतं. आणि ११ महिन्यांचाच करार हवा असं काही नाही, ६० महिन्यांपर्यंत याच दराने होतो. आम्ही आता २२ महिन्यांचा करतो, बाराव्या महिन्यापासून ५ टक्के वाढ त्यातच लिहिलेली, दरवर्षी एजंट बोलवायचा त्रास नाही. फक्त वाकडचा करार त्यानंतर साधारण महिनाभराने संपतोय ना ते बघून.

वाकडला तुम्ही भाडेकरू आहात तिथे करार नोंदवाच म्हणून मालकाला धरून बसा. गॅस कनेक्शन, आधारवरचा पत्ता, शाळेतला पत्ता, ऑफिसात एचआरएचा म्हणजे घरभाडे भत्त्याचा पुरावा, सगळ्याला तो करार लागतो. करारावर सही करणारा खरंच मालक आहे का तेही बघा, इंडेक्स टू म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा मागा, आणि मालक परदेशात असून त्याचे वडील किंवा भाऊ सही करत असतील तर पॉवर ऑफ अॅटर्नी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

सोसायटीबद्दल थोडक्यात. घर भाड्याने द्यायला कमिटीची परवानगी घ्यायची नसते, त्यांना कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. ना-वापर शुल्क, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी म्हणतात, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ च्या सरकारी आदेशापासून हे ठरलेलं आहे आणि महापालिकेचे कर त्या १० टक्क्यांत धरत नाहीत. कोणी महिन्याला दोन हजार सांगितले तर नम्रपणे हा आदेश दाखवा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरता येते, भरा आणि पावती जपून ठेवा. गृहकर्ज चालू असेल तर कर्जाच्या कागदांत घर भाड्याने देण्याआधी बँकेला कळवायची अट आहे का ते एकदा वाचा, बऱ्याच बँकांची असते.

टॅक्सचं लोकांना सगळ्यात जास्त गोंधळायला होतं. स्वतःचं घर असलं तरी एचआरए मिळतो का? मिळतो, तुम्ही खरंच दुसऱ्याच्या घरात भाडं भरून राहताय आणि जुन्या करप्रणालीत आहात तर. घर त्याच शहरात असलं तरी. नव्या करप्रणालीत एचआरए नाही. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन ऑफिसात द्यावा लागतो, म्हणून घर ठरवतानाच विचारा, पॅन द्यायला का-कू करणारे मालक भेटतात.

येणारं भाडं हे तुमचं उत्पन्न, ते दाखवायचंच. भाड्यातून भरलेला मिळकत कर वजा करा, उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, पावत्या लागत नाहीत, आणि मग कर्जाचं व्याज. आमचं असं येतं: वर्षाचे २ लाख १६ हजार, मिळकत कर ६ हजार वजा, २ लाख १० हजार, त्याचे ३० टक्के ६३ हजार वजा, उरले १ लाख ४७ हजार, आणि व्याजच आमचं त्याच्या आसपास जातं, म्हणजे भाड्यावर कर जवळजवळ नाहीच. नव्या करप्रणालीत पण भाड्याने दिलेल्या घराचं व्याज भाड्यातून वजा होतं, फक्त तोटा निघाला तर तो पगारातून वजा करता येत नाही. घर दोघांच्या नावावर असेल तर करार दोघांच्या नावे करा आणि भाडं ज्याच्या त्याच्या हिश्श्याने दाखवा.

एक गोष्ट मात्र नीट वाचा, वाकड-बाणेरकडे घरमालक अमेरिकेत असणं काही नवीन नाही. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, तुम्ही भाडेकरूने टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच आधी कापायचा आयकर, कापून भरायचा असतो, ३० टक्के अधिक सेस. भारतातल्या मालकाला हे महिन्याला ५० हजारांच्या वर भाडं असेल तरच लागतं आणि तेही २ टक्के. आमच्या ओळखीत एकाने दोन वर्षं पूर्ण भाडं देऊन टाकलं आणि नंतर नोटीस त्याला आली, मालकाला नाही. अशा घरात शिरायच्या आधी सीएला भेटा.

किल्ली द्यायच्या दिवशी घाई करू नका, तासभर द्या. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत दारापासून सुरुवात करते, प्रत्येक खोली, प्रत्येक नळ उघडून, गिझर चालू करून, किचन ओट्याच्या कडेला जिथे टवका उडालाय तो जवळून, वीज मीटरचं रीडिंग आकडे दिसतील असं. मग पंखे किती, ट्यूब किती, किल्ल्या किती, याची यादी करून दोघांच्या सह्या. तो व्हिडिओ भाडेकरूला पण पाठवते. वाकडला गेल्यावर भाडेकरू म्हणून तेच केलं आणि दोन वर्षांनी बेसिनच्या तड्याचे पैसे कापायला निघालेल्या मालकाला पहिल्या दिवशीचा व्हिडिओ दाखवला, तडा आधीपासूनच होता. आमच्या हॉलच्या दाराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, दोन वर्षांची असल्यापासूनच्या, तारखांसकट. रंगाऱ्याला ती पट्टी सोडायला सांगितली आणि यादीत शेवटी लिहिलं की ह्या खुणा पुसू नयेत. भाडेकरूच्या बायकोने वाचलं आणि त्यावर एक पारदर्शक टेप लावून घेतली.

माळ्यावर सामान ठेवून कुलूप लावायचं असेल तर ते पण करारात लिहा, नाहीतर ठेवूच नका. वीजबिल तुमच्या नावावर असतं, महावितरणच्या अॅपवर ग्राहक क्रमांक टाकून दर महिन्याला बघत जा, भाडेकरूने भरलं नाही तर थकबाकी तुमच्याच मीटरवर चढते. दुरुस्तीचं आम्ही असं ठेवलंय, ५०० रुपयांपर्यंतचं भाडेकरूने करायचं, त्यावरचं आम्ही, आणि गळती असेल तर त्याच दिवशी. खालच्या मजल्यावर ओल गेली की फोन भाडेकरूला येत नाही, मालकाला येतो. म्हणून धायरीतला एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन, दोघांचे नंबर भाडेकरूला देऊन ठेवलेत आणि त्यांना सांगून ठेवलंय की पैसे मी पाठवीन, तुम्ही जा. वाकडवरून दर वेळी धावत जाणं होत नाही.

परत जायचं ठरलं की उलट मोजायला लागा. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे मे मध्ये घर हातात हवं, म्हणजे भाडेकरूला नोटीस मार्चच्या सुरुवातीला, तोंडी नाही, ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून. वाकडच्या मालकाला नोटीस मात्र धायरीचं घर कधी रिकामं होतंय ते पक्कं कळल्यावरच द्या, एक महिना पुरतो. घर रिकामं झालं की एफडी मोडून डिपॉझिट त्याच दिवशी परत करा, सोसायटीला कळवून नॉन-ऑक्युपन्सी बंद करून घ्या, पुणे महापालिकेत पीटी-३ फॉर्म भरून ४० टक्के सवलत परत मागा, बिलाची प्रत आणि राहत्या पत्त्याचा पुरावा सोबत न्या.